डाव्या टाचेचं भांडण

उस्ताद ही बाई आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नवं गिऱ्हाईक हटकून तिलाच विचारतं, "उस्ताद कुठे गेलेत?" आणि मग त्याचा बूट काही केल्या वेळेवर तयार होत नाही.

बस डेपोच्या भिंतीला टेकून तिचा पत्र्याचा खोका आहे. फळी उघडली की दुकान, लावली की कपाट. हा बापाचा धंदा. बापाला मुलगा नव्हता, आणि जी मुलगी होती ती चार मुलग्यांना भारी होती. डेपोच्या ड्रायव्हरांनी तिला उस्ताद म्हणायला सुरुवात केली ती थट्टेने. ती थट्टा कधी संपली ते त्यांनाही कळलं नाही. एकदा खोका हटवायला एक साहेब आले. उस्ताद म्हणाली, "हटवा की. पण बूट काढा आधी, कुठल्या पायांनी हाकलताय ते तरी बघू." साहेबांनी का कोण जाणे, काढले. तळ लोंबत होता. तिने बूट हातात घेतला आणि काम सुरू केलं, सावकाश. साहेब मोज्यांवर उभे, भोवती डेपोतली निम्मी माणसं. खोका अजून तिथेच आहे.

तिची बैठक म्हणजे वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा. दोन पावलांच्या मध्ये लोखंडी पाऊल उभं, त्यावर बूट उलटा, दोन्ही गुडघ्यांनी आवळलेला, आणि तोंडात खिळे. एक खिळा जिभेने पुढे आणायचा, बोटाने उचलायचा, ठोकायचा. बोलणंही त्याच तोंडातून चालायचं. खिळ्यांमधून शिव्या देणारी ती त्या रस्त्यावरची एकटीच.

नवरा त्याच डेपोतला निवृत्त कंडक्टर. त्याचं आयुष्य उभ्याने गेलं, हिचं बसून. दोघांची उंची कधी जुळली नाही, पण भांडायला त्याची अडचण आली नाही. ती त्याला अहोजाहो करूनच झापायची.

डावा खुबा कुरकुरायला लागला तेव्हा तिने आधी नवऱ्याला दोष दिला, मग गादीला, मग डेपोच्या भिंतीतल्या ओलीला. चालताना ती एका अंगाला कलायला लागली. शेजारचा चावीवाला तोंडाळ होता. तो म्हणाला, "उस्ताद, लंगडताय."

"लंगडत नाही. विचार करत चालते."

"मग डाव्या पायाला जास्तच विचार पडलेत."

"तुझ्या डोक्यातले उरलेत ना, ते तिकडे गेलेत."

हे असं काही वर्षं चाललं. बाई माणसाचं दुखणं घरात सगळ्यात शेवटी जेवतं, तसंच याचंही झालं. मग एका दुपारी एका वकिलाचा बूट शिवून झाला, उस्तादने तो पुढे केला, पैसे घ्यायला म्हणून उठायला गेली आणि उठलीच नाही. डावा पाय तिचा राहिला नव्हता. चावीवाला धावला. वकील एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत दुसऱ्या बाजूने लागला. दोघांनी काखेत हात घालून तिला उचललं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वकीलसाहेब, मोजा फाटलाय."

दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. माणूस उंच, कमी बोलणारा, डोळ्यांखाली जागरण. "सांध्याची पूर्ण झीज झालीय," ते म्हणाले. "हाडावर हाड घासतंय. बदलावा लागेल."

झीज म्हटल्यावर उस्तादला सगळं लख्ख कळलं. तळ झिजला की ठिगळ लावत बसायचं नसतं, तळ बदलायचा असतो. "बदला," ती म्हणाली. "पण मला खाली बसता आलं पाहिजे."

"नाही येणार."

"महिनाभर म्हणताय का वर्षभर?"

"कधीच नाही. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पुढे वाकायचं नाही. नवा सांधा निखळू शकतो."

"मग काम कसं करायचं?"

"काय काम करता?"

तिने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "दुसरं काहीतरी बघा."

कंडक्टरने डोळे मिटून घेतले. पुढे काय होणार हे त्याला माहीत होतं. "दुसरं?" उस्ताद म्हणाली. "तुम्हाला उद्या कोणी म्हटलं, हात चालवायचे नाहीत, दुसरं काहीतरी बघा, तर काय बघाल? तिकिटं फाडाल?" हा टोला डॉक्टरांना होता, लागला कंडक्टरला. ती तरातरा बाहेर निघाली, म्हणजे तिने तसं ठरवलं. प्रत्यक्षात दारापर्यंत जायला इतका वेळ लागला की मधल्या वेळात डॉक्टरांनी पुढचा पेशंट तपासायला घेतला.

त्यानंतर तिचं म्हणणं एकच: खुबा गेला तरी चालेल, बैठक जाता कामा नये. उपास, लेप, शेक, कोणाकोणाचे काढे सगळं झालं. बैठकीवर ती बसायची खरी, पण उठवायला चावीवाला लागायचा, आणि चावीवाल्याला आपलं दुकान होतं. उठणं नको म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे. हे कंडक्टरच्या लक्षात आलं तेव्हा तो पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "अगं, बैठक बैठक करतेस, पण तू तिथे बसत नाहीस, अडकतेस!" दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "चला, नाव घाला माझं. खाली बसायचं काय ते मी मागाहून बघते. डॉक्टरांचं ऐकून कोण बसलंय."

मग वाट बघणं आलं. सरकारी दवाखान्यात खुब्याच्या पेशंटांसाठी बाहेर बाक आहे. बाक बुटका आहे. ज्याने तो केला त्याचे खुबे शाबूत असणार. त्यावर बसायला जितका त्रास, त्याहून उठायला जास्त, त्यामुळे नंबर पुकारला की बाकावरून कण्हण्याची एक लाट उठे आणि तोवर आतून पुढचा नंबर येई. उस्तादने दोन भेटींत बाकाखाली विटा लावून घेतल्या. शिपाई म्हणाला, "बाई, परवानगी?" ती म्हणाली, "तू बसून दाखव, मग परवानगी काढू."

तारीख लागली. आदल्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं आणि आत बघून त्या मागे सरकल्या. जन्मभर खिळे धरून दातांचं जे व्हायचं ते झालं होतं. "दाढेत पू आहे. तो रक्तातून नव्या सांध्यात जाईल. आधी दाढा काढा, मग या."

"खुबा दुखतोय, आणि काढताय दाढ?" उस्ताद म्हणाली. "उद्या डोळा दुखला तर अंगठा कापाल."

दाढा निघाल्या. हिरड्या भरल्या. दुसरी तारीख लागली. त्या दिवशी रक्तदाब चढलेला. तारीख पुढे गेली म्हणून तिला राग आला, राग आला म्हणून रक्तदाब चढला, रक्तदाब चढला म्हणून तारीख पुढे गेली. हे रहाटगाडगं शेवटी कंडक्टरने थांबवलं. त्याने बायकोला सांगितलंच नाही की उद्या तारीख आहे. नुसतं तपासायला जायचंय म्हणाला. ती शांतपणे आली, शांतपणे दंड पुढे केला, आणि खरं कळेपर्यंत अंगात दवाखान्याचा झगा होता. "अहो, घरी या, मग बघते," एवढं म्हणून ती आत गेली.

पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर केलं होतं. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे कोण काय करतंय ते दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. आधी करवत. मग हातोडा. ठक्. ठक्. ठक्-ठक्. उस्तादचे कान टवकारले. आयुष्यात पहिल्यांदाच दुसरं कोणीतरी ठोकत होतं आणि ती नुसती पडून होती.

"हात अवघडलाय," ती म्हणाली.

पलीकडचे ठोके थांबले. "काही दुखतंय का?" सिस्टरने विचारलं.

"मला नाही, त्यांना. डॉक्टरसाहेब, हातोडा शेवटाला धरा. मनगट मोकळं सोडा. मध्यावर धरलाय म्हणून एवढे ठोके लागतायत."

पडद्यामागून डॉक्टरांचा थकलेला आवाज आला, "यांना जरा झोपेचं द्या."

जाग आली तेव्हा दोन पायांच्या मध्ये भली मोठी उशी होती आणि ती जुनी कळ गेलेली होती. जखमेचं दुखणं होतं, पण ते नवं, स्वच्छ दुखणं. उस्ताद छताकडे बघत बराच वेळ पडून राहिली. कंडक्टरने विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "काही नाही. शेजारी घर सोडून गेल्यासारखं वाटतंय."

दुसऱ्याच दिवशी व्यायामवाली बाई आली, हसतमुख, पंचविशीतली. "चला आजी, उठायचं!"

"आजी कोणाची?"

"बरं, काकू."

"काका कोण तुझे?"

"मग काय म्हणू?"

"उस्ताद म्हण. सगळे म्हणतात."

व्यायामवालीही वस्ताद निघाली. "उस्ताद, आधी चांगला पाय की ऑपरेशनचा पाय?" असं विचारून तिने पायरी चढता-उतरताना दहादा चुका काढल्या. घरी आल्यावर तीच शिस्त कंडक्टरने चालवली. चारपायी वॉकर धरून बायको खोलीभर फिरायची आणि तो मागून, जन्माच्या सवयीने, "पुढे चला, पुढे चला, मध्ये थांबू नका." खुर्चीखाली त्याने ठोकळे लावले, संडासात उंच बैठक बसवली, खाली पडलेली वस्तू उचलायला चिमटा आणला. सगळं ठाकठीक चाललं होतं. वॉकर जाऊन काठी आली. घरात ती अनवाणी फिरायची, सरळ, तुरुतुरु.

मग एके सकाळी ती म्हणाली, "आज डेपोपर्यंत जाऊन येते. खोक्याला तोंड दाखवते." कंडक्टरने खाली बसून तिचे बूट पायात चढवले, कारण तिला वाकायची बंदी होती. तिचे नेहमीचेच बूट, काळे, घट्ट नाड्यांचे. ते ती स्वतःच दुरुस्त करी, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

जिना उतरून ती रस्त्यावर आली, आणि चार पावलांत थांबली. काहीतरी बिनसलं होतं. डावं पाऊल टेकलं की सगळं अंग उजवीकडे ढकललं जात होतं, रस्त्याला उतार असल्यासारखं. कोपऱ्यावर पोचेपर्यंत कंबर भरून आली. कंडक्टर मागोमाग होताच.

"लांब झालाय," ती म्हणाली.

"काय?"

"पाय. डावा. त्या उंच मेल्याने लांब करून ठेवलाय!"

खोका राहिला बाजूला. तिने तिथूनच रिक्षा पकडली आणि थेट दवाखान्याकडे नेली. बाहेरच्या बाकावर, विटांवर चढवलेल्या, बिचारी माणसं आपापल्या तारखेची वाट बघत होती. त्यांच्यासमोर तिने डॉक्टरांना गाठलं. "मध्यावर हातोडा धरणाऱ्याच्या हाती पाय दिला, ही माझीच चूक! एक पाय घेऊन आले होते, तुम्ही सव्वा करून पाठवलात! आमचा तळ असा वरखाली लागला असता तर गिऱ्हाईकाने तोंडावर मारला असता!" बाकावरची एक बाई रडायला लागली. तिची तारीख दुसऱ्या दिवशीची होती.

डॉक्टरांनी तिला आत नेलं, बूट काढायला लावले, आडवं करून दोन्ही पाय मोजले. "सारखे आहेत."

"तुमची पट्टी खोटी आहे."

"बरीच वर्षं तुम्ही एका बाजूला कलून चालत होता. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो."

"माझ्या मेंदूवर घसरायचं काम नाही," उस्ताद म्हणाली, बूट चढवून घेतले आणि तिरकी तिरकी निघून गेली. डॉक्टरांनी पाय बघितला होता, फोटो बघितला होता. बूट कोपऱ्यात ठेवलेले होते. खुब्याच्या माणसाचं बुटांशी काय काम?

त्या दिवसापासून तिने व्यायाम सोडला. बिघडलेल्या कामावर आणखी मेहनत कशाला करायची, हे तिचं म्हणणं. खिडकीशी उंच खुर्ची टाकून दिवसभर बसायची. डेपोच्या बसगाड्या यायच्या-जायच्या. भांडायचंसुद्धा कमी झालं, तेव्हा कंडक्टर घाबरला. त्याने व्यायामवालीला बोलावणं धाडलं. ती आली, पोटरी आणि मांडी दाबून बघितली आणि पहिल्यांदाच हसली नाही.

"उस्ताद, स्नायू वाळायला लागलेत. हेच दिवस आहेत. आत्ता चालला नाहीत तर काठी जन्माची. दुकानबिकान विसरा."

"वाकड्या पायाने काय चालू?"

"पाय वाकडा नाहीये हो."

"म्हणजे मी खोटी?"

व्यायामवालीने पिशवी उचलली. ती जाता जाता चावीवाला आला. तो दर दोन दिवसांनी यायचाच, पण आज बसेना. "उस्ताद, एक जण खोक्याबद्दल विचारत होता. मोबाईलची कव्हरं विकायला हवाय म्हणे. मी हाकलला. पण पुन्हा आला तर काय सांगू? तुमचं नक्की काय ते सांगा."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, नाचता येईना अंगण वाकडं."

कंडक्टरने कानात बोटं घालायची तयारी केली. पण उस्ताद उसळली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझी रापी, आरी, हातोडा घेऊन ये. आणि जाड चामडं. डॉक्टरने बिघडवलं ते मी सुधारीन. डावा लांब ना? मग उजवा चढवते."

हत्यारं आली. टेबलावर जाड फळी टाकली. खाली बसायचं नव्हतं, म्हणून ती टेबलाशी उंच खुर्चीवरच बसली आणि किती उंच चढवायचं ते बघायला दोन्ही बूट शेजारी शेजारी उभे केले.

ती बघतच राहिली.

मग तिने डावा बूट उचलला. रापीचं टोक टाचेत घातलं आणि एक थर उकलला. त्याखाली दुसरा थर. हे पातळ तपकिरी चामडं कुठल्याशा ड्रायव्हरच्या पट्ट्याचं उरलेलं. त्याखाली रबराची चकती. त्याखाली पुन्हा चामडं. सगळं तिच्याच हातचं, तिच्याच खिळ्यांनी ठोकलेलं, कड अशी घासून सारखी केलेली की सांगूनही दिसू नये. दरवेळी टाच बदलताना, डावा पाय जरा खाली जातोय असं वाटलं की हात आपोआप एक थर जास्त टाकायचा. हाताने केलं आणि डोक्याला कळवलं नाही. खुबा झिजत गेला, टाच चढत गेली. डॉक्टरांनी पाय सरळ केला तेव्हा बूट तेवढा उंच राहिला होता.

चावीवाल्याने टेबलावरचे थर बघितले, बूट बघितला, उस्तादचं तोंड बघितलं, आणि दुकान उघडं टाकून आलोय असं काहीतरी पुटपुटत निघून गेला.

"मला जरा वाटलंच होतं," कंडक्टर म्हणाला. "तुझ्या मागून चालताना. टाचा वेगळ्या दिसायच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तोच बूट मला मारला असतास."

उस्तादने प्रामाणिकपणे विचार केला. "मारला असता," ती म्हणाली.

डावी टाच तिने उजवीएवढी केली. बूट घातले आणि जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेली. रस्ता सपाट होता. परत येऊन तिने साडी बदलली. "दवाखान्यात चला."

"आता कशाला? फोन करून सांगू की."

"शिव्या चारचौघांत दिल्या आणि माफी फोनवर? असं आमच्या घराण्यात नाही." तिच्या घराण्यात माफी मागितल्याचाच दाखला नव्हता, पण कंडक्टर ते बोलला नाही.

बाकावर माणसं नवी होती. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. उस्ताद त्यांच्यासमोर काठी टेकून उभी राहिली आणि डॉक्टर बाहेर येताच खड्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, पाय सारखेच होते. बूट चुकला होता, तोही माझाच. तुम्हाला बोलले ते परत घेते. हातोड्याचं तेवढं परत घेत नाही."

डॉक्टर गोंधळून बघत राहिले. "माफ करा, आपण कोण?"

उस्तादचा चेहरा पडला. एवढी आग लावून गेली होती, आणि या माणसाला धूरसुद्धा आठवत नव्हता. "अहो, मी! इथे ओरडून गेले होते!"

"इथे बरेच जण ओरडतात," डॉक्टर म्हणाले. मग त्यांची नजर काठीवर, चालीवर गेली. "चालून दाखवा." ती चालली. "छान. अजून?"

"आणखी एक. खाली बसायचं नाही ते खरंच नाही?"

"खरंच नाही. खुबा गुडघ्याच्या वर राहिला पाहिजे. नेहमी."

टेबलावर काम करताना आपण उंच खुर्चीवरच बसलो होतो आणि थर नीट निघाले होते, हे तिला तिथेच, बोलता बोलता आठवलं. ते तिला मुळीच आवडलं नाही.

खोक्यात बदल करायला सुताराला दोन खेपा लागल्या. लोखंडी पाऊल एका जाड लाकडी ओंडक्यात ठोकून छातीपर्यंत वर आणलं. उंच, पाठीचं स्टूल आलं. छप्पर डोक्याला लागायला लागलं म्हणून पत्रा वर सरकवला. गुडघ्यांत बूट धरता येत नाही म्हणून तो पट्ट्याने ओंडक्याला आवळायची सोय केली, आणि पहिले काही दिवस तो पट्टा, ओंडका आणि सुतार या तिघांचा उद्धार डेपोपर्यंत ऐकू येत होता. खिळे आता वाटीत. तोंडात दाढाच नव्हत्या. काम हळू व्हायचं, पण व्हायचं.

खरी पंचाईत वेगळीच झाली. एक टक्कल पडलेले गृहस्थ आले आणि हसून म्हणाले, "वा, उस्ताद! बऱ्या झालात!"

उस्ताद त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. जन्मात कधी पाहिलेलं आठवेना. "आपण?"

"अहो, मी! वीस वर्षं येतोय!"

चावीवाला हातातलं काम थांबवून बघायला लागला.

"पाय वर करा," उस्ताद म्हणाली.

"काय?"

"पाय, पाय. या पायरीवर ठेवा."

गृहस्थांनी भिंतीला धरून बूट पायरीवर ठेवला. उस्तादने स्टुलावरूनच मान तिरपी करून नजर टाकली. बाहेरची कड खाल्लेली, टाचेचा मागचा कोपरा उडालेला. खालच्या ठोकळ्यावरून तिने वीस वर्षं हेच तर पाहिलं होतं.

"अगंबाई, तुम्ही! मग असं तोंड घेऊन काय उभे राहता? आणि किती वेळा सांगितलं, पाय फरफटत चालू नका म्हणून! काढा तो. दुसराही काढा. दुसरा कुठला चांगला असणारे!"

गृहस्थ बूट काढायला वाकले. त्यांना वेळ लागत होता, आणि वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती स्टुलावरून उतरली, त्यांच्या हातातून बूट ओढून घेतला आणि पुन्हा चढून बसली. काठी भिंतीलाच टेकलेली राहिली.

चावीवाल्याने ते पाहिलं. काही बोलायला त्याने तोंड उघडलं, मग उस्तादच्या हातातल्या हातोड्याकडे बघितलं आणि चावी घासायला घेतली.